दहा हात सूत

नवा जोडा चावून माझ्या टाचेला फोड आला, फोड चिघळून जांघेत अवधानाची गाठ आली, ती गाठ मी प्लेगची समजलो आणि सव्वाशे घरांचं गाव उठवून रानात नेऊन बसवलं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोरवाडीत आजही माझी चौकशी केलीत तर माझं नाव कुणाला आठवणार नाही. जोडा आठवेल.

मी तेव्हा देवी डॉक्टर होतो. म्हणजे डॉक्टर नव्हतो. निजामाच्या राज्यात, आळंद आणि हुमनाबादच्या मधल्या बारा-पंधरा गावांतून फिरायचं, दंडावर देवीची लस टोचायची आणि उर्दूत नोंद करायची, एवढंच काम. पण खांद्याला कातड्याची पेटी आणि डोक्यावर टोपी बघून लोक ‘डाक्टरसाब’ म्हणायचे, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला रोगांची भयंकर भीती वाटायची. समोर कुणी खोकलं की खोलीवर येऊन मी आरशात जीभ बघायचो. गुलबर्ग्याला शिकताना एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं माझ्याकडून सगळ्या रोगांची लक्षणं पाठ करून घेतली होती. ती मला रोग्यांत कधी सापडली नाहीत. स्वतःत मात्र एकूणएक सापडली.

त्या साली सरकारी कागदावर बहमन महिना होता, गावात मार्गशीर्ष होता आणि माझ्या अंगात ताप होता. शेजारच्या ओसरीवर मांजरानं मारून टाकलेला उंदीर मी सकाळीच बघितला होता. उंदीर, ताप आणि गाठ. बेरीज माझी मीच केली. तहसिलीला रुक्का लिहिला, त्यात ‘ताऊन’, म्हणजे प्लेग, हा शब्द दोनदा घातला आणि गुंडप्पा पाटलांना बोलावून दाराच्या आतूनच सांगितलं, “जवळ येऊ नका. गाव सोडा.”

ज्यांनी मागचा प्लेग बघितला होता त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत चुली मोडून, गुरं सोडून, म्हाताऱ्यांना गाडीत घालून सगळं गाव ओढ्यापलीकडच्या शेतांत गेलं. तुराट्यांच्या कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माझी झोपडी सगळ्यांत लांब, एका बाभळीजवळ. तिथं मी तोंडावर पांघरूण घेऊन मरणाची वाट बघत पडलो.

मरण आलं नाही. धुळप्पा आला.

धुळप्पा धनगर. मी मरायला निवडलेल्या शेतातच त्याची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. साठीचा उंच माणूस, वाकून आत आला तरी पटका छपराला लागला.

“कोण मरायलंय हितं?”

“मी,” मी म्हणालो.

“बरं. पाय दावा.”

“गाठ जांघेत आहे.”

“ती कुठं पळून जायलीय? पाय दावा.”

मेंढराला उलटं करतात तसं त्यानं मला एका हातानं उलटं केलं आणि अंगठ्यानं टाच दाबली. मी ओरडलो. बाहेरची मेंढरं ओरडली.

“डाक्टरसाब, जोडा किती दिसांचा हाय?”

“आठ.”

“मंग ह्यो रोगबी आठ दिसांचाच हाय.”

त्यानं सुरी तापवून फोड फोडला, हळद भरली, लिंबाचा पाला बांधला. तिसऱ्या दिवशी गाठ उतरली, ताप गेला, आणि मरणापेक्षा अवघड गोष्ट सुरू झाली. मी गावाच्या तोंडावर जिवंत होतो.

लोक त्याच दिवशी परत गेले असते तर मी थोडक्यात सुटलो असतो. पण तिथली रीत अशी की चूल मोडून बाहेर पडलेलं गाव शिवेवरच्या मरगव्वाची पूजा केल्याशिवाय आत जात नाही, आणि पूजेचा दिवस पुजाऱ्यानं काढला तो दुसऱ्या अमावास्येनंतरचा मंगळवार. म्हणजे पाच आठवडे. पाच आठवडे सव्वाशे घरांची माणसं थंडीत कुडाच्या झोपड्यांत राहणार होती, आणि ती कुणामुळं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी ओढ्याला जाणारा प्रत्येक माणूस माझ्या झोपडीवरून जाताना तांब्या सावरत विचारायचा, “जोडा बरा हाय का?”

धुळप्पा एकदाही तसं बोलला नाही. त्याचं सगळं लक्ष लोकांच्या पायांकडे. कुणी काही सांगायला आलं की हा आधी पाय बघायचा, मग “काल काय खाल्लास?” विचारायचा, आणि या दोन्हींत काही सापडलं नाही तरच दुखणं ऐकायचा. रोगाचं नाव घेत नसे. तापाला ‘पाव्हणा’ म्हणायचा. “पाव्हणा आलाय, जाईल. त्येला भरपेट जेवू घालू नका म्हंजे झालं.” मेंढरांशी कानडीत बोलायचा, माणसांशी मराठीत आणि राग आला की दखनीत. यातली कानडी सगळ्यांत मऊ. कोकरू पाय आखडून बसलं की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, “मेल्लग, तम्मा, मेल्लग.” हळू, बाळा, हळू. असला सूर त्यानं माणसांसाठी काढलेला मी ऐकला नव्हता. पाटलांसाठी तर नाहीच.

पाटलांची गोष्ट सांगतो. रानात आल्यावर आठ दिवसांत गुंडप्पा पाटलांची छाती धडधडायला लागली. बसले की धडधडायची, निजले की जास्त धडधडायची. ओस पडलेल्या गावाकडे बघत ते तास तास उभे राहायचे. मी त्यांची नाडी बघितली, माझ्या पाठांतरातले चार रोग त्यांना ऐकवले, आणि धडधड वाढली. शेवटी ते धुळप्पाकडे गेले.

धुळप्पानं पाय बघितले, जेवण विचारलं. मग कमरेच्या पिशवीतून पिंजलेल्या लोकरीचा गोळा काढला आणि एक टकळी. साधी काडी, तिच्या बुडाला खापरीची चकती.

“पाटील, हे धरा. मेंढरांमागं चालत चालत धा हात सूत काढा. मंग सांगा काय व्हायलंय ते.”

“मी? मी सूत काढू? गाव बघायलंय, धुळप्पा.”

“बघू द्या की. तुमी कुठं बघायलाय? सुताकडं बघा.”

आणि कोरवाडीचे पाटील, कानात सोन्याची भिकबाळी, खांद्यावर जरीचं उपरणं, तीनशे मेंढरांच्या धुळीतून टकळी फिरवत निघाले. सूत सारखं तुटायचं. ते थांबून जोडायचे, शिवी द्यायचे, पुन्हा चालायचे. ओढ्याच्या वळणापर्यंत जाऊन परत आले तेव्हा घामेजले होते. धुळप्पानं विचारलं, “आता सांगा, काय म्हणत होता?”

पाटील थोडा वेळ आठवत राहिले. “आरं, आधी दहा हात झालंय का ते मोज की,” म्हणाले.

त्यानंतर धुळप्पाची टकळी सगळ्या रानात फिरली. झोप न येणारे, पोट धरून बसणारे, माहेरच्या आठवणीनं रडणाऱ्या सुना, एकमेकांवर खेकसणारे भाऊ, सगळ्यांना तोच उतारा. दहा हात काढ, मग सांग. बरेच जण पुन्हा सांगायला आलेच नाहीत. आले त्यांचं मात्र तो नीट ऐकून घ्यायचा, कारण दहा हात सूत काढूनही जे दुखतं ते खरं दुखतं, असं त्याचं म्हणणं. सूत दोन बोटांत धरून तो माणूस ओळखायचा. जिथं बारीक झालंय तिथं भ्यालाय, जिथं पीळ जास्त पडलाय तिथं भांडून आलाय. एकदा एका सुनेचं सूत बघून तिच्या सासूला म्हणाला, “हिला चार दिस माहेरी धाडा. सूत तिकडंच तोंड करून बसलंय.”

माझं सूत त्यानं दोन्ही हातांत ताणून बघितलं. मध्ये मध्ये सुरवंट चिकटवल्यासारखे गोळे, आणि गोळ्यांच्या मध्ये काहीच नाही.

“डाक्टरसाब, ह्यात तुमाला काय व्हायलंय ते कळना. सगळंच व्हायलंय असं दिसतंय.”

पण टाकून त्यानं कुणाचंच सूत दिलं नाही. तीन आठवड्यांत ढीग जमला, तेव्हा त्याच्या मनात आलं की याची एक घोंगडी विणावी. अख्ख्या गावाच्या काळजीची. बाभळीखाली त्यानं माग उभा केला, उभं सूत ताणलं आणि अडला. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावावी लागते, नाहीतर विणताना ते तुटतं. चिंचोके गावात राहिले होते, त्याच्या घरात, मडक्यात. त्या सकाळभर धुळप्पा मागाभोवती फिरत चिंचोके चिंचोके करत होता.

त्याची बायको मल्लव्वा ते ऐकून कंटाळली. मल्लव्वा ठेंगणी, कपाळभर भंडारा, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधी मागं सरून उभं राहावं. ती तडक माझ्याकडे आली. आजूबाजूला सात-आठ माणसं होती.

“डाक्टर, गावात जाऊन यिऊ का? चिंचोके आणायचे हायत. म्हातारा डोकं खायलाय.”

कुणीतरी म्हणालं, “त्येंला काय इचारतीस? जोड्याला इचार.”

सगळे हसले. तीन आठवडे मी हे ऐकत होतो. त्या दिवशी वाटलं की आपणही हसून दाखवावं, एकदाचा विषय संपेल. मी म्हणालो, “जा की अक्का, खुशाल जा. तो प्लेग माझ्या टाचेत होता. गावात नाही.”

लोक पुन्हा हसले, आणि या वेळी माझ्यावर नव्हे तर माझ्याबरोबर हसले. मला इतकं बरं वाटलं की मी ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणालो.

दुपारी मल्लव्वा ओटीत चिंचोके घेऊन परत आली. चिंचोके मागापाशी ओतून म्हणाली, “घरात तीन उंदरं मरून पडल्यात. शेजारी दोन. कुणी मारल्यालं दिसंना.”

हसणं तिथंच थांबलं. पाटील वेशीपर्यंत जाऊन बघून आले आणि गावात पाऊल टाकायचं नाही म्हणून दवंडी दिली. चौथ्या दिवशी मल्लव्वाला ताप भरला. पाचव्या दिवशी काखेत गाठ आली. या वेळी जोड्यावर ढकलायची सोय नव्हती. मल्लव्वानं जन्मात जोडा घातला नव्हता.

तिची झोपडी बाभळीपलीकडे वेगळी घातली. आत फक्त धुळप्पा जायचा. आळंदहून घोड्यावर खरे डॉक्टर आले, आत जाऊन बघून आले, हात धुतले आणि सरळ सांगितलं, “गाठ फुटली तर वाचेल. पाणी पाजत राहा. याच्यापुढचं औषध माझ्याजवळ नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रुक्का तुम्हीच लिहिला होता ना? वेळेवर गाव बाहेर काढलंत. शाबास.”

नोकरीत मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. डॉक्टरांचा घोडा दिसेनासा व्हायच्या आत मी बाभळीपलीकडे गेलो.

धुळप्पा झोपडीच्या दारासमोर बसला होता. हातात टकळी. आयुष्यभर चालता चालता, बोलता बोलता, डुलकी घेता घेता सूत काढलेला माणूस, आणि वीतभर काढलं की तुटत होतं. जोडायचा, तुटायचं. मी जाऊन दोन हातांच्या अंतरावर बसलो.

“अण्णा, तिला जा म्हणून मी सांगितलं होतं.”

“ठाऊक हाय. तिनंच सांगितलंय.”

“मला शिव्या तरी द्या.”

“दिऊन काय तिचा ताप उतरायलाय?” तो टकळीकडेच बघत होता. “सकाळधरनं मीच चिंचोके चिंचोके केलो. मी पाठवलो, तुमी वाट दावलाव. दोघांचंबी काम हाय ते.”

सूत पुन्हा तुटलं. त्यानं टकळी उचलून माझ्या हातात दिली.

“काढा.”

“मला येत नाही, अण्णा.”

“म्हणूनच काढा. तुमचं सूत बघितलं की मला राग यतोय. राग आला की भ्या जरा मागं सरतंय.”

मग दिवस उजाडला की मी त्या दारासमोर येऊन सूत काढत बसायचो. माझ्या हातून कुणाला गुण येण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही काम येत नसल्यामुळे. धुळप्पा आत जायचा, तिला चमचा चमचा अंबील पाजायचा, बाहेर यायचा, माझ्या टकळीकडे बघायचा आणि दखनीत सुरू व्हायचा. माझ्या हातांची, बोटांची, मला शिकवणाऱ्या सगळ्यांची चौकशी करायचा. शिव्या संपल्या की पुन्हा आत. मी जाणूनबुजून वाईट काढतोय असं काहींना वाटलं. तसं नव्हतं. मी जीव लावून काढत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आतून आला आणि शिव्या न देता नुसता बसला. मल्लव्वा डोळे उघडेना, असं एवढंच म्हणाला. टकळी खाली पडली, उचलली, पुन्हा पडली. धुळप्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “मेल्लग, तम्मा, मेल्लग.”

मला शिव्या हव्या होत्या. त्या कानडीनं मी फार घाबरलो. हा माणूस आता रागवायचाही बंद झाला, म्हणजे सगळं आटोपलं, असं मला वाटलं. मी मान खाली घालून टकळी फिरवत राहिलो. गोळा, पोकळ, गोळा, पोकळ. किती वेळ ते सांगता येणार नाही. उन्हं बाभळीवरून सरकून दारात आली होती.

आणि आतून आवाज आला. बारीक, पण मल्लव्वाचाच.

“ते सूत कोण काढायलंय?”

धुळप्पा ताडकन उठला. “आगं, डाक्टर हाय.”

“त्येच्या हातातनं काढून घ्या आधी. लोकरीचं वाटोळं करायलाय.”

धुळप्पा आत गेला. गाठ फुटली होती. बऱ्याच वेळानं बाहेर आला, पटक्याच्या शेवटानं तोंड पुसलं, माझ्या हातातली टकळी काढून घेतली आणि उभ्या उभ्या एका दमात सूत काढलं. मी मोजलं. वीस हात. एकदाही तुटलं नाही.

त्या वर्षी आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं प्लेगनं गेली. कोरवाडीत रोग आला तो ओस घरांत आला, आणि उंदरांवर भागवून गेला. मरगव्वाच्या पूजेच्या मंगळवारी पाटलांनी माझा जोडा मागवून घेतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच्यापुढं नारळ फोडला. मला पटका बांधावा अशी सूचना कुणीतरी केली होती. पाटील म्हणाले, “कामून? काम जोड्यानं केलंय.” मल्लव्वा गाडीत बसून बघत होती. तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

घोंगडी झाली, पण ती बघायच्या आधीच माझी बदली झाली.

पुढं लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. अशाच एका मोटारीतून मी हुमनाबादला चाललो होतो. श्रावणातली भुरभुर होती. चढावर मोटार दमली, ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढोसायला लागला आणि आम्ही उतारू रस्त्याकडेला उभे राहिलो. समोरच्या माळावरून मेंढरं येत होती. त्यांच्यामागं एक उंच म्हातारा, पाऊस अंगावर घेत, टकळी फिरवत. त्याच्यामागं घोंगडीची खोळ घेतलेली एक ठेंगणी बाई.

मी हाक मारली. धुळप्पा थांबला, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि ओळख पटल्यावर खुशाली वगैरे न विचारता म्हणाला, “पाय दावा.”

मी चिखलात एका पायावर उभा राहून जोडा काढला. त्यानं टाच दाबून बघितली, समाधानानं मान हलवली आणि घोंगडीकडे बोट दाखवलं. तीच ती. काळी, मध्ये मध्ये करडी, कुठं जाड, कुठं बारीक. हे पाटलांचं, हे माहेरी गेलेल्या सुनेचं, असं तो बोट फिरवून दाखवत राहिला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मेंढरं पुढं निघाली होती, तोही वळला, आणि पाच पावलं जायच्या आत टकळी पुन्हा फिरायला लागली.

मल्लव्वा मात्र तिथंच उभी होती. मी विचारलं, “अक्का, घोंगडी पाऊस धरते ना?”

“धरतीय की. समदीकडं कोरडी हाय.” तिनं खोळ बाजूला करून डावा खांदा दाखवला. लुगडं तिथं भिजून चिकटलं होतं. “हितं तेवढी गळायलीय. हितं तुमी हाव.”